स्वस्तात मिळालेली पिकअप आणि वहीतला हिशोब

टोमॅटोचं सीझन तोंडावर आलं की गावात जुन्या पिकअपचा विषय निघतोच. परवा पुतण्या म्हणाला, काका, साडेतीन लाखांत गाडी मिळतेय, भाडं तरी वाचेल. मी त्याला माझी वही आणून दिली. त्यातलंच इथं लिहितोय.

मी गाडी घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती. किंमत ३ लाख ६० हजार. बघायला गेलो तर मालकाने आधीच चालू करून ठेवलेली. मला वाटलं, बरंय, आपला वेळ वाचला. हीच पहिली चूक. गरम इंजिन गोडच वाजतं. खरी गाडी कळते ती सकाळी, रात्रभर थंड पडल्यावर. पहिल्या सेल्फला उचलते की चार-पाच वेळा कुरकुरते, धूर कसला मारते, हे तेव्हाच दिसतं. पांढरा धूर थंडीत थोडा येतो, पण गाडी तापल्यावरही येतच राहिला तर पाणी इंजिनात जातंय समजा. निळा म्हणजे ऑइल खातेय. काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल, पंप यातलं काहीतरी.

माझ्या गाडीचा रेडिएटर मी उघडूनही बघितला नव्हता. नंतर मिस्त्रीने उघडला तर कुलंटचा पत्ता नाही, नुसतं तांबूस पाणी. थर्मोस्टॅट आधीच्या माणसाने काढूनच टाकलेला. सपाट रस्त्याला काटा वर जात नव्हता, म्हणून मीही निर्धास्त होतो.

मग ऑगस्टात साठ क्रेट भरून संगमनेरहून नारायणगावला निघालो. चंदनापुरीचा घाट तुम्हाला माहीतच आहे. अर्ध्या चढाला काटा लाल पट्ट्यात आणि मागे पांढरा धूर. हेड गॅस्केट गेलं होतं. दुसरी गाडी बोलावली, रस्त्याच्या कडेला साठ क्रेट या गाडीतून त्या गाडीत टाकले. पोचेपर्यंत बाजार आटोपत आला होता. क्रेटमागे सव्वाशे रुपये कमी मिळाले, म्हणजे साडेसात हजार गेले. वर दुसऱ्या गाडीचं भाडं. हे दोन्ही वहीत धरलेलंच नाही, लिहायची इच्छा झाली नाही.

वहीत पहिल्या वर्षाचं आहे ते असं. हेड फेसिंग, गॅस्केट, रेडिएटर, होस पाइप, मजुरी धरून २४ हजार. चार टायर २६ हजार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग साडेनऊ हजार. मागचे पाटे ७ हजार. बॅटरी साडेसहा. ब्रेक लायनर, व्हील बेअरिंग साडेपाच. ऑइल-फिल्टर दोनदा मिळून ७ हजार. इन्शुरन्स १८ हजार. पासिंग, पीयूसी, रेडियम पट्ट्या, एजंट मिळून साडेसात. बेरीज १ लाख ११ हजार, डिझेल सोडून. आणि लोकांना मी काय सांगत होतो? घरची गाडी आहे, भाडं वाचतंय.

वाचलं किती तेही सांगतो. नारायणगावच्या खेपेला भाड्याची गाडी २,८०० घ्यायची. घरच्या गाडीला डिझेल-टोल मिळून साधारण १,२०० लागायचे. खेपेला १,६०० वाचले. वर्षात माझ्या स्वतःच्या मालाच्या खेपा झाल्या ३८. म्हणजे वाचले ६०,८००. पन्नास हजारांवर घाट्यात गेलो. रात्री जागून गाडी मीच चालवली त्याची मजुरी अजून धरलेली नाही.

पहिल्या वर्षी जास्त काम निघालं हे मान्य. दुसऱ्या वर्षी कमी निघालं. पण जुन्या गाडीला इन्शुरन्स, पासिंग, ऑइल, टायरची झीज, किरकोळ काम हे धरून वर्षाला सत्तर हजार जातातच, आणि गाडीची किंमत चाळीस हजारांनी उतरते ती वेगळी. एक लाख दहा हजार भागिले सोळाशे करा. सत्तर खेपा येतात. माझं ठाम मत आहे की ज्याच्या वर्षाला सत्तर खेपा नाहीत, त्याने गाडी घेऊ नये. भाड्याची सांगावी आणि तिचा क्लच तिच्या मालकाला भरू द्यावा. दोन-तीन भाऊबंदांचा माल एकत्र येऊन खेपा भरत असतील तर गोष्ट वेगळी. मीही दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांची भाडी मारली तेव्हा कुठे जमलं.

कागदांचं लोक हलक्यात घेतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, नंतर दरवर्षी. सात-साडेसात वर्षांच्या गाड्या बाजारात एवढ्या का येतात, याचं निम्मं उत्तर इथं आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी दर २०२२ पासून १६,०४९ रुपये, वर जीएसटी. गाडीची किंमत तीन लाख असो की आठ, हा आकडा तोच. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा, फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. ई-चलन थकलेलं असेल तर आधी मालकाला भरायला लावा. लायसन्सची मात्र काळजी नको, साध्या एलएमव्हीवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, सुप्रीम कोर्टाने २०२४ साली तेच कायम ठेवलंय.

आणि मागे हौद्यात मजूर बसवू नका. सगळेच बसवतात, मीही बसवलेत. पण काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात आणि शेत विकून भरपाई द्यायची वेळ येते.

पाटे वाकून बघा. जादा पाटा टाकलेला असेल तर गाडी कायम ओव्हरलोड चाललीय, मग चासी केबिनच्या मागे वेल्डिंग केलीय का तेही बघा. खत वाहिलेल्या गाडीचा हौदा खालून सडतो, वरचा रंग बघून भुलू नका. ऑइलचं झाकण चालू इंजिनवर उघडा, भकाभका वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काम जवळ आलं. झाकणाला आतून ताकासारखा फेस दिसला तर तिथूनच परत फिरा. बीएस-६ डिझेल घेत असाल तर धुराच्या फिल्टरचा दिवा लागतो का बघा. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा तो फिल्टर तुंबतो.

रिकामी गाडी कुठलीही पळते. चाचणीला वीस गोण्या खत टाका आणि चढाला घाला. मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

पुतण्याने वही वाचून परत दिली, पण गाडीचा नाद सोडलेला नाही. त्याच्या, चुलत्याच्या आणि मेव्हण्याच्या मिळून ऐंशी खेपा होतात म्हणतो. होतीलही. रविवारी गाडी बघायला जायचंय. मालकाला दहाची वेळ दिलीय, आम्ही सहालाच पोचणार.