रुमालाने विष अडत नाही



2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात पडले. तेव्हा वरून शहाणपण ऐकू आले, की यांनी तोंडाला मास्क लावला नव्हता. म्हणजे दोष मेलेल्याचा! त्या साली कपाशी डोक्याला लागली होती, फवारा खाली न जाता माणसाच्या तोंडावरच येत होता, हे सांगणारे थोडे.

मास्क हवाच. पण कोणता, हे आम्हाला सांगितले कोणी? दुकानदार औषधाची बाटली देतो (विषाला औषध म्हणायची आपली रीतच आहे), मास्क देत नाही. कीटकनाशकांचे नियम 1971 पासून आहेत, त्यांत विष हाताळणाऱ्या कामगारांसाठी श्वसनयंत्राचे कलम आहे. जत, आटपाडी, माण, खटावच्या किती दुकानांत ते विकायला ठेवलेले तुम्ही पाहिले?

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनात घरोघर आलेले कापडी मास्क फवारणीत कामाचे नाहीत. उलट कापड भिजते आणि विष नाकाशी धरून ठेवते. साधा धूळरोधक मास्क बारीक थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क लागतो. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचे कोळशाचे डबे आणि त्यांवर थेंब अडवणारी गाळणी असते. घालून झाला की डब्यांची तोंडे तळहातांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर ठीक. कडेने वारा आला तर तो नुसता शोभेचा. दाढीवर तो बसत नाही. आत वास येऊ लागला की शेताबाहेर या, डबे बदला. काम संपल्यावर मास्क पुसून, डबे हवाबंद पिशवीत ठेवा. उघडे टांगून ठेवले तर कोळसा घरातच संपतो.

आणि एवढे करूनही पाठीवरचा पंप गळत असेल तर उपयोग नाही. फवारणीत विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जाते. मोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ हे मास्कच्या आधी. घाम, लाळ सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि बाटलीच्या लेबलासकट दवाखाना गाठा. लेबल पाहिल्यावर डॉक्टरला उतारा ठरवता येतो.

आता पेवाचे. हा मास्क घालून पेवात, जुन्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरायचे नाही. मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. बंद पेवात ज्वारी किंवा हळद श्वास घेते, प्राणवायू संपतो आणि जड वायू तळाशी बसतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. तिथली जुनी माणसे तोंड उघडून काही तास थांबल्याशिवाय उतरत नसत. दिवा सोडून पाहायचा, विझला तर उतरायचे नाही. पण दिवा जळतो म्हणून सगळे ठीक, असेही नाही. धान्यात विषारी गोळ्या टाकल्या असतील तर त्यांचा वायू दिव्याला कळत नाही. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. पहिल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो. अग्निशमन दलाकडे पाठीवर हवेची टाकी असलेले यंत्र असते, त्यांनाच बोलवा.

माझे म्हणणे असे, की लाल त्रिकोणाची बाटली ज्या बिलावर विकली जाते त्याच बिलावर मास्क आणि डबे मिळाले पाहिजेत, आणि त्यांचा खर्च विष विकून कमावणाऱ्या कंपनीने सोसावा. कोरडवाहू कापसात तो आम्हाला परवडत नाही. रोजाने फवारणाऱ्या गड्याला तर नाहीच. त्याला मास्क देणे मात्र शेतमालकाचे काम आहे, तिथे आपण कंपनीकडे बोट दाखवू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावच्या दुकानात विचारून या: डब्यांचा मास्क आहे का, केवढ्याला आहे, आणि सुटे डबे मिळतात का.