स्टीलवरचे पांढरे डाग
हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याला काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, बोअरचं जड पाणी स्टीलच्या पातेल्यावर पांढरे डाग सोडतं. ते क्षारांचे असतात; लोखंडी तारेच्या घासणीने रेटू नका. लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ फिरवा, धुवा, लगेच कोरडं पुसा. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा न दिसणारा थरच भांड्याला गंजू देत नाही. मीठ हा त्या थराचा खरा वैरी. थंड पाण्यात तळाशी बसलेले मिठाचे खडे स्टीलला बारीक छिद्रं पाडतात, आणि ती कितीही घासली तरी जात नाहीत. म्हणून मीठ उकळी आल्यावरच घाला, लोणचं मुरवायला चिनीमातीची बरणीच काढा.