डोळा पाहतो, मन ठरवते
पौर्णिमेचा चंद्र उगवताना मोठा दिसतो, डोक्यावर आल्यावर लहान. एक डोळा मिटून, हात लांब करून हरभऱ्याचा दाणा धरला तर तो दोन्ही वेळा चंद्राला झाकतो. चंद्र तेवढाच, मोठेपण आपल्या मनाने दिलेले. सुमारे १००० वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये हेच उलगडले: प्रकाश डोळ्यांत येतो, निवाडा मन करते.

घरातही तसेच. मुलगा उत्तर देत नाही, एवढेच आपल्याला दिसते. ‘उद्धट’ हा शब्द आपण जोडतो. कदाचित तो घाबरलेला असेल. माणसाला मापायला हरभरा चालत नाही. जवळ बसवून हळू आवाजात विचारावे लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.