जहाजावर माणसं किती हवीत?

जहाज म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना इंजिन आठवतं आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना रडार. पण नव्या जातीचं जहाज कागदावर उतरवताना एक आकडा अगदी सुरुवातीला ठरवावा लागतो, आणि त्यावर आपल्याकडे एक लेक्चरसुद्धा होत नाही. तो आकडा म्हणजे जहाजावर राहणाऱ्या माणसांचा. बंक किती, गोडं पाणी किती, मेस केवढी, एसी केवढा, हे सगळं त्यावरून ठरतं.

विषय लांबचा नाही. 30 मार्च 2023 रोजी संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी 11 नव्या गस्ती जहाजांचे करार केले. किंमत सुमारे 9,781 कोटी रुपये. त्यातली सात जहाजं गोवा शिपयार्डकडे, म्हणजे मिरजेहून रेल्वेत बसलं की जिथे उतरता येतं त्या वास्कोला, आणि चार कोलकात्याच्या गार्डन रीचकडे. याच गोवा शिपयार्डने आधी बांधलेली सरयू, सुनयना, सुमेधा आणि सुमित्रा ही गस्ती जहाजं 2013-14 मध्ये नौदलात आली. लांबी 105 मीटर, त्यावर आठ अधिकारी आणि शंभरावर नौसैनिक. आता कोणीही विचारेल, एवढं ऑटोमेशन आलं, मग इतकी माणसं कशाला?

प्रश्न चुकीचा नाही. एक माणूस वाढला की त्याची झोपायची जागा, जेवण, पगार आणि पुढे पेन्शन, असा खर्च जहाजाच्या आयुष्यभर चालू राहतो. इंजिनरूममध्ये दर तासाला गेज वाचून वहीत लिहायचं काम सेन्सर करत असेल, तर तिथला माणूस जरूर कमी करावा. माझं म्हणणं एवढंच, की आकडा शांत दिवसाच्या कामावरून ठरवू नये. वाईट रात्रीच्या कामावरून ठरवावा.

मी कुंडलचा. गळीत हंगामात आमच्या क्रांती कारखान्यात तीन पाळ्या चालतात. एक जागा चोवीस तास चालवायची तर तीन माणसं लागतात, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. सुट्टीसाठी आणि आजारपणासाठी बदली माणूस वेगळा. जहाजाचं गणितही तिथूनच सुरू होतं. समजा ब्रिज, इंजिनरूम, रडार आणि वायरलेस मिळून दहा जागा कायम जाग्या ठेवायच्या आहेत. झाले तीस. शिवाय आचारी, स्टोअरवाला, इलेक्ट्रिशियन, औषधपाणी बघणारा. फरक एवढाच, की कारखान्यात पाळीला कोणी आलं नाही तर वाडीवस्तीवर निरोप धाडता येतो. किनाऱ्यापासून हजार मैलांवर कोणाला बोलावणार?

आता वाईट रात्र बघा. 28-29 जानेवारी 2024 च्या रात्री सोमालियाजवळ सुमित्राने चाच्यांनी पकडलेली ईमान ही मासेमारी नौका अडवली आणि 17 इराणी खलाशी सोडवले. छत्तीस तासही झाले नाहीत तोवर अल नईमी या दुसऱ्या नौकेवरचे 19 पाकिस्तानी खलाशी सोडवले. अशा वेळी एक तुकडी त्या नौकेवर चढते, दुसरी होडी सांभाळते, तिसरी हेलिकॉप्टर डेकवर असते. आणि इकडे स्वतःचं जहाजही चालूच ठेवायचं असतं. त्यात इंजिनरूमला आग लागली तर? सेन्सर धूर ओळखेल, पंपही चालू करेल. पण पाइप खांद्यावर घेऊन आत माणूसच शिरणार.

माणसं फार कमी केली की काय होतं हे अमेरिकेने पैसे मोजून पाहिलंय. त्यांच्या लिटोरल कॉम्बॅट शिपचा मूळ चमू फक्त 40 जणांचा ठरला होता. खास कामाची माणसं वरून यायची. 2013 मध्ये 'फ्रीडम' सिंगापूरला जायच्या आधीच तिच्यावर 20 बंक वाढवावे लागले. चमू पन्नासच्या घरात नेऊनही लोकांना दिवसाला सरासरी सहाच तास झोप मिळाली. नौदलाचा नियम आठ तासांचा. शेवटी 2016 मध्ये दोन्ही गट एकत्र करून 70 जणांचा चमू ठरला. उलट ब्रिटिशांची 2003 मधली रिव्हर जातीची गस्ती जहाजं तीसेक माणसांवर नीट चालली. पण त्यांनी एका जहाजाला 45 माणसं नेमली होती, दोन तृतीयांश समुद्रावर आणि बाकीची किनाऱ्यावर. शिवाय काम मुख्यतः घराजवळच्या पाण्यातलं. त्यांचा तीसचा आकडा उचलायचा तर हे 45 पण मोजायला हवेत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेला अग्निवीर चार वर्षांसाठी येतो, त्यानंतर जास्तीत जास्त चारातला एक कायम होतो. म्हणजे जहाजावर शिकाऊ हात नेहमीच जास्त असणार. ज्याला अजून शिकवावं लागतं त्याची मोजणी तयार माणसाएवढी करून चालणार नाही. सातारा-सांगलीची किती पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात, ते हॉस्टेलच्या गेटवर उभं राहिलं की दिसतं. त्या पोरांच्या झोपेचा हा हिशोब आहे.

म्हणून मला वाटतं, माणसं ठरवताना तीन पाळ्या, एक चढाईची तुकडी आणि एक आग विझवणारी तुकडी एकाच वेळी उभी करून बघावी. त्यातून येणारा आकडा किमान मानावा. आणि बंक त्याहूनही जास्त ठेवावेत. अल नईमीच्या वेळी सुमित्रावर मरीन कमांडोही होते, त्यांनाही जागा लागतेच. माणूस पुढे कमी करता येतो, पण बांधलेल्या जहाजात खोली वाढवणं किती महाग पडतं ते 'फ्रीडम'ने दाखवलंय.

आपल्यातले काही जण उद्या गोवा शिपयार्डला किंवा माझगाव डॉकला लागतील. त्यांच्या टेबलावर हा आकडा येईलच. तेव्हा तो नुसता खर्चाच्या रकान्यातून उचलू नका, एवढीच विनंती.