ऋण कुणाचे, वसुली कुणाकडून?

मृगाच्या सरी येतात, धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयांचे प्रवेशही सुरू होतात. एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती या तालुक्यांतील कित्येक घरांत तेंदूपानांच्या मजुरीतून उरलेले चार पैसे बियाण्याला द्यावेत की मुलीच्या प्रवेशाला, हा प्रश्न त्या वेळी उभा राहतो. गोंडवाना विद्यापीठाच्या नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ खऱ्या अर्थाने या प्रश्नापासून होतो.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी हे विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. नागपूरचे विद्यापीठ १९२३ चे. म्हणजे विद्यापीठाला जंगलाच्या दारापर्यंत पोहोचण्यास तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. आणि आता अशा विद्यापीठांना उपदेश केला जातो की, माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारा! राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ साली सुधारलेल्या चौकटीत माजी विद्यार्थ्यांचे आर्थिक योगदान लाखांच्या आकड्यांत मोजण्याची तरतूद आली. २०२३ साली नंदन निलेकणी यांनी मुंबईच्या आय.आय.टी.ला ३१५ कोटी रुपये दिले. तेव्हापासून तर हा उपदेश अधिकच जोरात ऐकू येतो.

देणगी स्वागतार्हच आहे. परंतु तिचे धोरण केले की अन्याय सुरू होतो. देणगी माजी विद्यार्थ्याच्या मिळकतीप्रमाणे येते आणि मिळकत त्याच्या वर्गाप्रमाणे ठरते. ज्या संस्थेवर केंद्राने दशकानुदशके मुक्त हस्ताने खर्च केला, तिचेच विद्यार्थी कोट्यधीश झाले. ज्या संस्थेचा पदवीधर तासिका तत्त्वावर शिकवतो किंवा पोलीस भरतीच्या रांगेत उभा राहतो, तिच्या गुणपत्रिकेवर मात्र योगदान अल्प म्हणून नोंद व्हावी! दारिद्र्यालाच गुणवत्तेचा अभाव ठरविणारी ही मोजपट्टी आहे.

कर्मवीर भाऊरावांनी मुष्टिफंडावर रयतेची शाळा चालवली नाही काय, असे विचारले जाईल. अवश्य चालवली. पण तेव्हा राज्य परक्यांचे होते. आज रोजच्या वापरातील कितीतरी वस्तूंवर कर भरणारी रयत आपली मूठ आधीच सरकारी तिजोरीत रिकामी करते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा, ही कोठारी आयोगाची १९६६ सालची शिफारस. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीच पुन्हा लिहिली. ती अद्याप पुरी झालेली नाही. थकबाकीदार शासनाने माजी विद्यार्थ्यांकडे वसुलीला जावे, हा कुठला न्याय?

या दोन जिल्ह्यांकडे देण्यासारखे काही नाही, असेही नव्हे. त्यांनी आधीच पुष्कळ दिले आहे. चंद्रपूरच्या कोळशावर २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. इथल्या बांबूवर बल्लारपूरची कागदगिरणी वाढली आणि त्या कागदावर इतरांची मुले शिकली. आता सुरजागडचे लोहखनिज बाहेर जाते. खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा व्हायची असते, आणि शिक्षण हे त्या निधीचे अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. त्यातून तालुक्या-तालुक्यांत वसतिगृहे व ग्रंथालये उभी राहावीत. प्राध्यापकांची कायम पदे मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातूनच भरली पाहिजेत. खाण संपली म्हणून वेतन संपता कामा नये.

मग माजी विद्यार्थ्यांनी काय करावे? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. त्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि विद्यापीठ स्थापन झाले त्याच २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आणला. गावाने कुणाकडे दान मागितले नाही. आपला हक्क मागितला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ अन्वये अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निर्वाचित प्रतिनिधी असतात. भामरागडच्या पदवीधराने त्या मतदारयादीत आपले नाव नोंदवावे, अधिसभेत रिक्त पदांचा आणि रखडलेल्या शिष्यवृत्त्यांचा जाब विचारावा, आणि गावातील पुढच्या मुलीचा प्रवेश-अर्ज स्वतः भरून द्यावा. लाखांच्या रकान्यात या साह्याची नोंद होणार नाही. परंतु पुढच्या जूनमध्ये बियाणे की प्रवेश हा प्रश्न एखाद्या घरातून जरी हद्दपार झाला, तरी विद्यापीठाचे ऋण फिटले असे समजावे.