आजार जन्माचा, सवलत पाच वर्षांची

लेक किंवा सून इंग्लंडला निघाली की आई तिच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि थायरॉइडच्या गोळ्यांच्या दोन-तीन बाटल्या भरून देते. बाटल्या काही महिन्यांत संपतात आणि मग तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जाण्याची वेळ येते. 'तिकडे औषधपाणी फुकट' ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. एनएचएस या सरकारी सेवेत डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत, पण इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ठरावीक आकार द्यावा लागतो. मे २०२४ मध्ये तो ९ पौंड ९० पेन्स झाला. व्हिसाच्या वेळी भरलेल्या आरोग्य अधिभारात हा आकार धरलेला नसतो.

थायरॉइड कमी असल्यामुळे रोज गोळी घेणाऱ्यांना, गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना (केवळ पथ्यावर असणाऱ्यांना नव्हे), फिट्सवर कायम औषध घेणाऱ्यांना आणि कर्करोगाच्या रुग्णांना यातून सूट आहे. सूट एकदा मिळाली की ती सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीलाही लागू होते. पण ती आपोआप मिळत नाही. दवाखान्यातून 'एफपी ९२ ए' हा फॉर्म घ्यायचा, भरायचा आणि त्यावर दवाखान्याची सही घ्यायची. काही दवाखाने हा अर्ज संगणकावरूनच पाठवतात. मग कार्ड येते. ते साधारण पाच वर्षे चालते.

खरी गोम इथेच आहे. थायरॉइडची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते, तरी कार्डाला मुदत असते. आपल्याकडे पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तसा तिकडे दर पाच वर्षांनी आजार हयात असल्याचा दाखला द्यायचा! मुदत संपत आली की आठवणीचे पत्र येते, पण ते जुन्या पत्त्यावर. पाच वर्षांत भाड्याची तीन घरे बदललेल्या जोडप्याला ते कुठून मिळणार? त्यामुळे नवा पत्ता कळवणे आणि कार्डावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणे, ही दोन्ही कामे घरच्यांनीच करायची.

बाळंतपणात आणखी एक चकवा आहे. गरोदरपणी आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत आईला सर्व औषधे मोफत मिळतात, पण त्यासाठीचे कार्ड वेगळे असते. ते संपते तेव्हा घरात पहिल्या वाढदिवसाची गडबड असते. थायरॉइडचे कार्ड काढायचे राहिलेले असते आणि चिठ्ठीच्या मागे सवयीने 'सूट आहे' या चौकटीत खूण केली जाते. ती खूण म्हणजे सहीनिशी दिलेले निवेदन असते. दुकानदाराने औषध दिले म्हणजे हक्क मान्य झाला असे नाही. तपासणी नंतर होते, आणि मग औषधाच्या आकाराशिवाय १०० पौंडांपर्यंत दंडाची नोटीस घरी येऊ शकते. आजार खरा, गोळी खरी, फक्त कार्ड नाही!

कार्ड हातात येईपर्यंत मधल्या काळात पैसे भरावे लागले, तर त्याच वेळी केमिस्टकडून 'एफपी ५७' ही पावती मागून घ्यावी. ती नंतर मिळत नाही. परतावा मागायला तीन महिन्यांची मुदत असते.

आजारांची ही यादी मुळात १९६८ सालची आहे. १९६५ मध्ये रद्द झालेला आकार त्या वर्षी पुन्हा लागू झाला, तेव्हा ती ठरली. कर्करोग तिच्यात यायला २००९ साल उजाडले. दमा आणि रक्तदाब आजही तिच्यात नाहीत. रोज पंप ओढणाऱ्याला पैसे आणि थायरॉइडवाल्याला सूट, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हा आकारच काढून टाकला. इंग्लंडमधल्या दमेकऱ्याने आगाऊ पैसे भरून वर्षाचा पास काढावा. मे २०२४ च्या दराने तो ११४ पौंड ५० पेन्सला पडतो, म्हणजे वर्षाला बारा औषधे लागत असतील तर परवडतो. ही रक्कम दहा हप्त्यांतही भरता येते. साठी पूर्ण झाली की पासही नको आणि कार्डही नको. इंग्लंडमध्ये साठीपुढच्या सर्वांनाच चिठ्ठीवरची औषधे मोफत मिळतात.