भिंतीतले भोक

दिवाळी तोंडावर आली की घरांप्रमाणे कचेऱ्यांचीही रंगरंगोटी निघते. कपाटे भिंतीपासून हलतात, साहेबांच्या मागची तसबीर खाली उतरते आणि वर्षभर झाकलेले एक दृश्य उघडे पडते. भिंतीच्या कोपऱ्यात मुठीएवढे भोक, आणि त्यातून लोंबणारा तारांचा झुपका! रंगारी त्या झुपक्यावरूनही ब्रशचा एक हात फिरवतो, कपाट जागेवर जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या भोकाची कोणाला आठवण होत नाही.

एरवी आठवड्याच्या सदरात जागा थोडी. दिवाळी अंकात संपादकांनी हात जरा सैल सोडला आहे, तेव्हा या भोकाचीच चौकशी करू या. वाचकांपैकी पुष्कळजण दिवसाचे आठ तास अशा एखाद्या भोकाच्या सोबतीने बसतात, म्हणून ही चौकशी अगदीच परकी नव्हे.

मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले. तेव्हापासून फोर्टमधल्या जाडजूड भिंतींना छिन्नी लागली ती आजतागायत थांबलेली नाही. आधी टेलिफोनची तार आली. मग 1990 नंतर संगणक एकमेकांना जोडायला काळी, गोल कोअॅक्शिअल केबल आली. मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर तारेची जाळी आणि वरून कातडे, अशी तिची रचना. घरोघरच्या टी.व्ही.ची केबल हिचीच बहीण. पुढे संगणकांनी ही केबल सोडली आणि आठ तारांची निळी-करडी केबल धरली. प्रत्येक नवी तार जुन्याच भोकातून गेली. जुनी मात्र कोणी काढली नाही, कारण त्यातली चालू कोणती आणि मेलेली कोणती हे सांगणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला असतो.

त्या आठ तारांची गंमत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ घातलेला असतो. पिळाची ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1881 सालीच पेटंट करून ठेवली होती. बाहेरून विजेचा उपद्रव आला तर पिळामुळे तो दोन्ही तारांना सारखाच लागतो. पलीकडचे यंत्र दोघींमधला फरकच तेवढा मोजते, त्यामुळे उपद्रव आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त ठेवतात तो त्यांनी एकमेकींचे ऐकू नये म्हणून. म्हणूनच टोकाला केबल जोडताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये, आणि भोकातून ओढताना दोघांनी रस्सीखेच करू नये. साधारण अकरा किलोच्या ओढीपलीकडे ती आतून ताणली जाते. वरून काही दिसत नाही, आणि मग महिनोन्‌महिने संगणक मंद का चालतो याचे खापर बिचाऱ्या कारकुनावर फुटते.

विजेची तार आणि ही तार एकाच पाइपात घालू नये, हे नवशिक्या वायरमनलाही ठाऊक असते. पण पाइप एकच शिल्लक असला आणि संध्याकाळचे सहा वाजले, की ठाऊक असलेले विसरायला होते. संदेशात खरखर येते हा त्यातला लहान तोटा. विजेच्या तारेचे आवरण फाटले तर टेलिफोनच्या तारेत वीज उतरते, हा मोठा. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. आणि भोक भिंतीलाच पाडावे. तुळईला किंवा खांबाला ड्रिल लावायचे तर आधी इंजिनिअरला विचारावे, कारण आतली सळई कापली गेली तर ती पुन्हा जोडता येत नाही.

परंतु तार कशी गेली यापेक्षा मोठा प्रश्न असा की, ती गेल्यावर भोकाचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर 1975 साली अमेरिकेत दोनदा मिळाले.

त्या वर्षी 27 फेब्रुवारीला, मध्यरात्र उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या एका टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबलींना आग लागली. केबलींच्या वाटेनेच ती वर चढली. सुमारे 1,70,000 टेलिफोन बंद पडले आणि ते पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. केबलीच्या प्लॅस्टिकचा धूर साधा नसतो. पी.व्ही.सी. जळले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. त्या रात्री तो छातीत भरून घेणाऱ्या अग्निशामक जवानांची दुखणी पुढे कित्येक वर्षे चालली.

महिनाही उलटला नव्हता. 22 मार्चला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी या अणुवीजकेंद्रात दोन माणसे भिंतीतली केबलींची भोके बुजवत होती. फट राहिली आहे का ते पाहायला त्यांनी काय घेतले असेल? मेणबत्ती! ज्योत हलली की हवा येते असे समजायचे. हवा आली, ज्योत आत ओढली गेली आणि भोकात कोंबलेला फोम पेटला. ती आग सात तास धुमसली आणि 1,600 हून अधिक केबली निकामी झाल्या. केबलींवर पाणी मारायचे की नाही यावरच बराच वेळ गेला. शेवटी पाणी मारल्यावर आग विझली. कोणी दगावले नाही आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, एवढे नशीब.

तो फोम पॉलियुरेथेनचा होता. आपल्याकडे डब्यातून फवारतात आणि जो फुगून पिवळा होतो, तो याच जातीचा. दिसायला भोक बंद, पण आगीपुढे उघडेच. वर्तमानपत्राचे बोळे तर बोलायलाच नकोत. भिंत दोन तास आग थोपवील अशी बांधली तरी तिच्यातले उघडे भोक आगीला दोन मिनिटेही थांबवीत नाही. याला उपाय आहे आणि तो फार महागही नाही. भोकात पाइपाचा तुकडा बसवावा आणि केबलींभोवती खनिज लोकर भरावी. तोंडाला आगरोधक लांबी लावावी. यातली एक जात तापल्यावर तळलेल्या फेणीसारखी फुगते आणि केबलीचे प्लॅस्टिक जळून पडलेली जागाही भरून काढते. नवी केबल घेताना तिच्या अंगावर ‘एफ.आर.एल.एस.’ किंवा ‘एल.एस.झेड.एच.’ ही अक्षरे छापली आहेत का ते पाहावे. पहिली कमी धुराची, दुसरीत तो आम्लाचा वायूही नाही.

मेलेल्या केबली काढून टाकाव्यात हे सांगायला हवेच. आगीला त्या चालू आणि मेलेल्या सारख्याच. अमेरिकेतल्या विजेच्या नियमावलीत 2002 पासून हे कलमच आहे. आपण नियमाची वाट कशाला पाहायची? तांबे भंगारवाला आनंदाने नेतो.

हे सारे कचेरीपुरतेच आहे असे गृहिणींनी समजू नये. आपल्या सोसायटीच्या जिन्याशेजारी डक्टचे दार असते. एकदा ते रखवालदाराकडून उघडून घ्यावे आणि टॉर्चने वर पाहावे. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोक, त्यातून टी.व्ही., टेलिफोन आणि इंटरनेट अशा तीन पिढ्यांच्या तारा, आणि वरपर्यंत आरपार उजेड दिसला, तर ते धुराडे आहे. पुढच्या सभेत गच्चीच्या गळतीबरोबर हाही विषय घ्यायला सेक्रेटरींना सांगावे. भोक बुजवण्याचे काम बिलात वेगळे लिहून घ्यावे. नाहीतर वायरमन म्हणतो ते गवंड्याचे, गवंडी म्हणतो ते रंगाऱ्याचे.

आणि केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी. तार कुठून आली, कुठे गेली आणि तारीख काय, एवढे तीवर पुरे. पाइपात नायलॉनची एक दोरी मोकळी सोडून ठेवावी. पुढची तार त्या दोरीला बांधून ओढता येते, आणि तिच्याबरोबर नवी दोरीही आत जाते.